आज्ञापालन पेटीच्या तळाशी

कोकणातल्या ख्रिस्ती बागायतदाराचं आज्ञापालन तपासायचं तर मार्च ते मे पाहावं. उपवासकाळ आणि ईस्टर याच सुमारास येतात आणि आंबाही याच दिवसांत पेटीत भरला जातो. उपवास नेटाने पाळतात. पेटीत मात्र वरच्या थराला मोठं फळ, तळाला बारीक नाहीतर डागी. बायबलमधलं लेवीय १९:३५-३६ मापात लबाडी करू नका म्हणतं आणि कारणही देतं: मी तुमचा देव परमेश्वर आहे. तराजू हा उपासनेचाच विषय झाला, धंद्याचा वेगळा कप्पा उरला नाही.

लबाडीची सुरुवात बहुधा घाईतून होते. मार्चमध्ये भाव चढा, म्हणून चौदा आणे तयार (म्हणजे जवळजवळ पूर्ण जून) व्हायच्या आधीच फळ उतरवलं जातं. कोवळं फळ धड पिकत नाही, रंग धरत नाही, मग कार्बाइडची पुडी आठवते. कॅल्शियम कार्बाइडने फळं पिकवायला कायद्याने बंदी आहे. इथिलीन वायू १०० पीपीएमपर्यंत चालतो. पण आज्ञा पाळायची वेळ त्याआधीच, फळ झाडावर असतानाच आलेली असते. खांदे भरून देठाजवळ खळगी पडेपर्यंत थांबायचं. झेल्याने (काठीला जाळी लावलेल्या साधनाने) देठासकट उतरवायचं, चीक सालीवर ओघळू द्यायचा नाही, पेंढ्यात आठ-दहा दिवस अढी लावायची, म्हणजे पिकायला रचून ठेवायचं. पाच डझनी पेटीत साठ फळं, तळापासून वरपर्यंत एकाच वजनाची. कोकणच्या हापूसला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं. त्या नावाच्या पेटीत परराज्यातलं फळ घालायचं नाही, गिऱ्हाईकाला फरक कळो वा न कळो.

शत्रूचं सगळं नष्ट करायची आज्ञा असताना शौल राजाने (१ शमुवेल १५) उत्तम गुरंमेंढरं राखून ठेवली आणि जाब विचारल्यावर म्हणाला, परमेश्वराला अर्पण करायला ठेवलीत. शमुवेल संदेष्ट्याने सुनावलं, यज्ञापेक्षा आज्ञा मानणं बरं. आपल्याकडे हे अगदी ओळखीचं आहे. हंगामाच्या शेवटी चर्चला घसघशीत देणगी जाते आणि त्याच बागेतल्या राखणदाराचा पगार थकलेला असतो. अशी देणगी देवाला नको आहे, हे पाळकांनीही स्पष्ट सांगायला हवं.

राखणीला पुष्कळदा नेपाळहून आलेली माणसं असतात. त्यांचा हिशेब दलालाची पट्टी (विक्रीचा हिशेब आणि पैसे) आल्यावर, म्हणजे कधी पाऊस तोंडावर आल्यावर. अनुवाद २४:१४-१५ सांगतं की मजूर परका असला तरी त्याची मजुरी सूर्य मावळायच्या आत द्या. याकोब ५:४ म्हणतो, अडवलेली मजुरी स्वतःच ओरडते आणि ती ओरड देवाच्या कानी जाते. पट्टी उशिरा येते हे खरंच आहे, पण त्याची झळ मालकाने सोसायची. पगार महिन्याचा ठरवा. उचल आणि पगार वहीत वेगळ्या रकान्यांत लिहा, त्याला वाचून दाखवा, मग सही घ्या. पहिल्या पट्टीतून आधी मजुरी, मग खत-औषधाची उधारी, मग घरखर्च.

मागची बाकी राहिली असेल तर नुसत्या पापनिवेदनाने भागत नाही. लेवीय ६:५ मूळ रकमेवर पाचवा हिस्सा चढवून परत करायला सांगतं: ५,००० अडवले असतील तर ६,००० द्यायचे. जक्कय हा जकातदार तर चौपट द्यायला उठला (लूक १९:८). यात तारण विकत घेणं नाही. इफिस २:८-१० क्रम लावून देतं, आधी कृपा, मग सत्कृत्यं. हा क्रम उलटला की माणूस एकतर ताठतो नाहीतर खचतो, आणि दोन्हीत आज्ञापालन लवकरच सुटतं.



सगळ्यांत अवघड मात्र भाऊबंदकी. सातबारा सामायिक, आणि गडगा (हद्दीचा दगडी बांध) दरवर्षी वीतभर सरकलेला. पूर्वजांनी घातलेली मेर हलवू नको, असं नीतिसूत्रे २२:२८ बजावतं. मत्तय ५:२३-२४ तर अर्पण वेदीपुढे ठेवून आधी भावाशी समेट करायला पाठवतं. पायऱ्या मत्तय १८:१५-१७ मध्ये आहेत: आधी एकट्याने, एकांतात, मग एकदोघांना घेऊन, मग मंडळीपुढे. बिघडतं ते पहिली पायरी गाळल्यामुळे. भावाशी बोलण्याआधीच सगळ्या वाडीला कळलेलं असतं, मग तो ऐकणार कसा? त्याच्या खळ्यात (अंगणात) जाऊन बसा, वकिलाचं नाव काढू नका, भूमी अभिलेख कार्यालयात मोजणीचा अर्ज दोघांच्या सहीने, निम्म्या-निम्म्या खर्चाने करा. मोजणीला दोघांनी हजर राहायचं आणि खुणा तिथल्या तिथे पक्क्या करून घ्यायच्या. चूक आपली निघाली तर गडगा आपल्या खर्चाने, पावसाआधी मागे घ्यायचा. दगड तेच लागतात, दोन गडी चारसहा दिवसांत काम उरकतात.