पाचावरचा उंचवटा

कीबोर्डच्या उजव्या अंगाला आकड्यांची जी वेगळी बटणं असतात, त्यांतल्या ५ वर बोट फिरवून बघा. बारीकसा उंचवटा लागेल. न बघता आकडे मारणाऱ्यांसाठी ती खूण. आमचे अण्णा बँकेतून निवृत्त झालेले. आकडे घालताना ते आजही खाली बघत नाहीत. माउस हातात आला की मात्र पंचाईत, कारण हात थरथरतो. बाण बरोबर जागी पोचतो आणि क्लिक करताना नेमका निसटतो. डबल क्लिक करायला जावं तर फोल्डर ओढलं जाऊन शेजारच्या फोल्डरमध्ये पडतं. मग बसा शोधत!

हल्ली त्यांनी माउसला सुट्टी दिली आहे. डावं ऑल्ट, डावं शिफ्ट आणि नम लॉक एकत्र दाबलं की ‘माउस कीज’ सुरू करायच्या का, असं विंडोज विचारतं. हो म्हणायचं. मग ८ ने बाण वर जातो, २ ने खाली, ४ ने डावीकडे, ६ ने उजवीकडे. कोपऱ्यातल्या आकड्यांनी तिरका. आणि मधला ५ म्हणजे क्लिक. अधिकचं चिन्ह म्हणजे डबल क्लिक. वजा दाबलं की ५ चं राइट क्लिक होतं आणि भागाकाराची तिरपी रेघ दाबेपर्यंत तसंच राहतं. ते विसरलं की दर ५ ला मेनू उघडतो आणि अण्णा कॉम्प्युटरवर खेकसतात.

मला गंमत वाटते ती बाणाच्या चालीची. बटण दाबून धरलं की स्टेशनातून सुटणाऱ्या पॅसेंजरसारखा आधी रेंगाळत निघतो, मग वेग घेतो. सोबत कंट्रोल दाबलं तर उड्या मारतो, शिफ्ट दाबलं तर मुंगीच्या पावलांनी सरकतो. बोट उचललं की जागच्या जागी उभा! क्लिक करताना हात कितीही थरथरू दे, बाण ढिम्म हलत नाही. माउसमध्ये नेम धरणं आणि चाप ओढणं एकाच हाताने एकाच वेळी करावं लागतं. इथे ती दोन वेगळी कामं झाली.

ही सोय १९९५ च्या विंडोजपासून अंगभूत आहे. त्याआधी अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरने अशा सोयींचा वेगळा संच तयार केला होता. म्हणजे इतकी वर्षं ती आपल्या टेबलावरच होती. कॉम्प्युटरच्या क्लासात कुणी सांगितली नाही एवढंच. आता कळली, तर लहान लॅपटॉपमधून आकड्यांची ती बटणंच गायब. मॅकवर यू, ओ, जे, के, एल वगैरे अक्षरांवर भागतं. विंडोजच्या लॅपटॉपला अण्णांसाठी यूएसबीचा सुटा नंबर पॅड जोडावा लागला.

त्यावर सध्या मुख्यतः सॉलिटेअर चालतं. ० दाबलं की पत्ता उचलला, टिंब दाबलं की ठेवला. मधे कितीही वेळ गेला तरी पत्ता सुटत नाही, त्यामुळे अण्णा बदामचा राजा अधांतरी ठेवून चहा घेतात आणि आई स्वयंपाकघरातून ओरडते, “अहो, टेकवा की त्याला कुठेतरी!”