पनवेल ते कुडाळ: पैसे मोजून आणवलेली नवी मोटार

आम्हाला हव्या असलेल्या रंगाची आणि प्रकारची गाडी सिंधुदुर्गात अडीच महिने मिळणार नव्हती, आणि पनवेलजवळच्या एका विक्रेत्याच्या यार्डात ती उभी होती. गाडी कुडाळपर्यंत पोहोचवण्याचे १८,५०० रुपये होतील, असे त्याने सांगितले. ‘गाडी ट्रेलरवरून येईल, चाक फिरणार नाही, तुम्ही घरी पूजेची तयारी ठेवा,’ हे त्याच्या विक्री प्रतिनिधीचे फोनवरचे शब्द होते आणि त्यावर विसंबून मी पैसे पाठवले. पावतीवर मात्र केवळ ‘वाहन पोहोच शुल्क’ असे लिहिलेले होते. पुढचा सगळा मनस्ताप या तीन शब्दांत दडलेला होता, हे मला तेव्हा कळले नाही.

गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ताब्यात घ्यायची नाही, एवढे एक शहाणपण मात्र मी केले आणि कोकण रेल्वेने पनवेल गाठले. चेसिस क्रमांक कागदाशी जुळवून पाहिला, काचांवरचे उत्पादनाचे खुणाक्रमांक आणि टायरवर छापलेले उत्पादनाचे आठवडे तपासले, ओडोमीटरवरचा १४ किलोमीटरचा आकडा टिपून घेतला. हे सर्व ठीक होते. त्यानंतर ट्रेलर कुठे आहे असे विचारले, तेव्हा एका तरुण चालकाकडे बोट दाखवण्यात आले. हाच गाडी चालवत नेणार होता, आणि माझी इच्छा असल्यास मी शेजारी बसून जाऊ शकत होतो.

मी तिथेच व्यवहार थांबवायला हवा होता. पण परतीचे तिकीट काढलेले नव्हते, घरी सगळे वाट पाहत होते, विम्याचा हप्ता भरून झाला होता आणि नंबर प्लेटही बसलेली होती. सकाळी अकराला मिळायची ती गाडी कागदपत्रांच्या घोळात संध्याकाळी साडेपाचला बाहेर पडली. जे कोणी माझ्यानंतर हा मार्ग धरतील, त्यांना माझे पहिले सांगणे हे की दुपारी एकनंतर यार्डातून गाडी मिळत असेल तर त्या दिवशी निघूच नका. पनवेलला मुक्काम करा आणि पहाटे पाचला निघा.

याचे कारण मुंबई-गोवा महामार्गाचा पनवेलजवळच्या पळस्पेपासून माणगावपर्यंतचा पट्टा. पनवेल ते इंदापूर या ८४ किलोमीटरच्या टप्प्याचे रुंदीकरण २०११ साली सुरू झाले आणि वर्षानुवर्षे रखडले, हे वाक्य कोकणातल्या प्रत्येकाला पाठ आहे, पण नव्या कोऱ्या गाडीत बसून रात्रीच्या वेळी त्यावरून गेल्याशिवाय त्याचा अर्थ अंगात भिनत नाही. गुळगुळीत काँक्रीट तीन-चार किलोमीटर मिळते, गाडी सत्तरच्या वेगात येते आणि पुढे काही सूचना नसताना रस्ता एकदम अर्धवट पुलाच्या कडेने खाली उतरतो. त्या वळणरस्त्यावर खडी, खड्डे आणि समोरून येणाऱ्या अवजड वाहनांचे प्रखर दिवे हे सगळे एकाच वेळी समोर येते. पेण आणि वडखळ आम्ही रांगेतून पार केले. नागोठणे सोडल्यानंतर अशाच एका उतरणीवर चालकाला वेग आवरता आला नाही आणि गाडीच्या पोटाखाली काहीतरी जोरात आपटले. आम्ही उतरून मोबाइलच्या उजेडात पाहिले, तेलगळती नव्हती, परंतु इंजिनाखालचे प्लास्टिकचे आवरण एका कडेने फाटून लोंबत होते. ओडोमीटरवर तेव्हा ८१ किलोमीटरदेखील झालेले नव्हते. कोलाड, इंदापूर असे करत माणगावच्या बाजारपेठेतल्या कोंडीतून आम्ही बाहेर पडलो तेव्हा पावणेअकरा वाजले होते. म्हणजे शंभराच्या आतबाहेरच्या अंतराला सव्वापाच तास लागले.

यात मी त्या चालकाला दोष देत नाही. आदल्या रात्री त्याने दुसरी एक गाडी नाशिककडे पोहोचवली होती आणि तो जवळजवळ झोपेविनाच आला होता. महाडजवळ चहाला थांबलो असता बोलण्याच्या ओघात त्याने सांगितले की या फेरीचे त्याला १,५०० रुपये मिळतात. माझ्या १८,५०० पैकी उरलेले कुठे जातात, हे त्याला ठाऊक नव्हते. त्यानंतर स्टिअरिंग मी हातात घेतले. ज्या कामासाठी पैसे मोजले, ते काम पोलादपूरपासून कुडाळपर्यंत मी स्वतः केले आणि तो शेजारी शांत झोपला.

कशेडीच्या बोगद्यामुळे जुन्या घाटाचा वळसा वाचतो. परशुराम घाटात मात्र डोंगराच्या बाजूने दगडमाती येण्याचा इतिहास आहे, त्यामुळे पावसाळ्यात तो रात्री टाळावा. हातखंब्याच्या पुढे लांजा, राजापूर, कणकवली हा रस्ता सरळ आहे आणि त्याबद्दल लिहिण्यासारखे काही नाही. सकाळी पावणेसहाला आम्ही कुडाळात पोहोचलो.

दारात गाडी उभी राहिल्यावर दहा मिनिटांत विक्रेत्याच्या माणसाचा फोन आला. टोलचे १,४५० आणि चालकाचा भत्ता व परतीचे भाडे मिळून २,००० रुपये आणखी द्यायचे होते. फास्टॅग माझ्या नावावर होता आणि त्याच्या नोंदीत १,४५० च्या जवळपास जाणारी कोणतीही वजावट नव्हती. ती नोंद मी त्यांना पाठवली, तेव्हा टोलची मागणी मागे घेण्यात आली; भत्त्याचे पैसे मी थेट चालकाच्या हातात दिले. पेट्रोलचे ३,२०० मीच भरले होते. फाटलेल्या आवरणाचे ३,८०० रुपये मात्र मिळाले नाहीत, कारण ‘ट्रेलर’ हा शब्द कोणत्याही कागदावर नव्हता.

म्हणून माझे मत स्पष्ट आहे. चालक पाठवून गाडी आणवून घेण्यासाठी एवढे पैसे मोजणे ही शुद्ध उधळपट्टी आहे. तुम्हाला गाडी चालवता येत असेल तर रेल्वेने जा, शक्य तर सोबत दुसरा चालवणारा न्या आणि स्वतः घेऊन या. सुरुवातीच्या हजार किलोमीटरमध्ये इंजिन फार ताणू नये आणि एकाच वेगात तासन्‌तास पळवू नये, ही काळजी परका माणूस तुमच्या गाडीची घेणार नाही. शिवाय वाटेत ठोकर बसली तर दावा तुमच्याच विम्यावर लागतो आणि पहिल्या वर्षाअखेरची, दावा न केल्यास मिळणारी २० टक्के बोनस सवलत जाते.

ज्यांना पैसे देऊनच गाडी आणवायची आहे, त्यांनी ती खरोखर वाहनावर लादून येणार असेल तरच द्यावेत. पावतीवर ‘फ्लॅटबेड’ (सपाट पाठीचा ट्रक) किंवा ‘बंद कंटेनर’ असे शब्द, वाहतूकदाराची बिल्टी म्हणजे माल नेण्याची पावती, प्रवासातील विम्याचा कागद आणि निघतानाचा ओडोमीटरचा फोटो हे आधी हातात घ्या आणि मग रक्कम भरा. गाडी लादताना पट्टे चाकांना बांधलेले असावेत, सस्पेन्शनच्या दांड्यांना हूक अडकवू देऊ नका. २०२५ च्या गणपतीत कोकण रेल्वेने कोलाड ते वेर्णा अशी मोटारी मालगाडीवरून नेण्याची सोय केली होती आणि तिचे भाडे ७,८७५ रुपये होते. माझ्या १८,५०० च्या शेजारी तो आकडा ठेवला की अजून संताप येतो, मात्र कोलाडपर्यंतचा सर्वांत वाईट रस्ता त्यातही चाकांवरच काढावा लागतो, हे लक्षात असू द्या.

आपल्या जिल्ह्याचा एमएच ०७ क्रमांक मिळावा म्हणून घाईने तात्पुरत्या नोंदणीवर गाडी पळवणारे काही ओळखीचे आहेत. त्याची गरज नाही. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर आपण राहतो त्या राज्यातल्या कोणत्याही नोंदणी प्राधिकरणाकडे गाडी नोंदवता येते, आणि विक्रेत्याने नोंदणी केलेली नवी गाडी क्रमांक लागल्याशिवाय ताब्यात देता येत नाही. माझ्या गाडीवर पनवेलचा एमएच ४६ आहे आणि त्याने काहीही अडलेले नाही.

गाडी दारात आली की चालकाला लगेच निरोप देऊ नका. दिवसाच्या उजेडात खाली वाकून पोटाकडची बाजू पाहा, चारही चाकांच्या रिमा पाहा, दुसरी चावी आणि जॅक जागेवर आहेत का ते तपासा, ओडोमीटरचा आकडा लिहा आणि त्या कागदावर त्याची सही घ्या. मी थकून आधी झोपलो आणि तो साडेसातच्या गाडीने परत गेला. उजव्या मागच्या रिमवरचा ओरखडा मला दुपारी दिसला.