तुम्ही विचारलंत म्हणून: दाराबाहेर न जाणाऱ्या मांजराला पिसवा कुठून आल्या?

शहरातून हा प्रश्न हमखास येतो: ‘आमचं मांजर फ्लॅटबाहेर पाऊल टाकत नाही, तरी पिसवा कशा?’ गावातून येतो तो असा: ‘औषध लावलं, थोडे दिवस बरे गेले, पुन्हा कानामागे गोचीड. औषधच खोटं होतं का?’ दोघांनाही आमचं सांगणं एकच असतं. नुसतं मांजराच्या अंगावर बघू नका, ते झोपतं-लोळतं ती जागा बघा.

मांजराच्या केसांतून पळताना दिसते ती पूर्ण वाढलेली पिसू. घरात पिसवांचा जेवढा पसारा असतो, त्यात अशा मोठ्या पिसवा जेमतेम 5 टक्के असतात. बाकी सगळी अंडी, अळ्या आणि कोष. रक्त प्यायला लागल्यावर एक-दोन दिवसांतच मादी अंडी घालू लागते आणि दिवसाला 40-50 पर्यंत घालते. अंडी गुळगुळीत असतात, केसांत टिकत नाहीत. मांजर जिथे अंग झटकतं, उडी मारतं, झोपतं तिथे ती सांडतात. अळीला उजेड सोसत नाही. ती सोफ्याच्या फटीत, गादीखाली, सतरंजीच्या विणीत शिरते आणि मोठ्या पिसवांची रक्तमिश्रित विष्ठा खाऊन वाढते.

खरी अडचण कोषाची. तो चिकट असतो, त्यावर धूळ बसते आणि फवारा आतपर्यंत पोचत नाही. आतली पिसू काही महिनेसुद्धा दम धरून राहते. पावलांचा हादरा, अंगाची ऊब किंवा श्वासातला कार्बन डायऑक्साइड जाणवला की बाहेर पडते. बरेच दिवस बंद असलेलं घर उघडताच घोट्यांना चावे येतात ते यामुळेच. तेव्हा फ्लॅटमधल्या मांजराला पिसवा मिळतात त्या आधीच्या बिऱ्हाडाच्या कुत्र्या-मांजराने मागे ठेवलेल्या कोषांतून, जिन्यात झोपणाऱ्या भटक्या मांजराकडून, फिरून आलेल्या कुत्र्याच्या अंगावरून, क्वचित माणसाच्या पँटवरूनही.

‘पण एकही पिसू दिसत नाही’ असंही सांगतात. मांजर चाटून चाटून पिसवा गिळून टाकतं, म्हणून दिसत नाहीत. बारीक दातांची पिसवांची फणी घ्या, शेपटीच्या बुडाशी आणि मानेवर अगदी कातडीला टेकवून फिरवा. फणीत आलेले काळे कण ओल्या पांढऱ्या टिश्यूवर टाका आणि मिनिटभर थांबा. कणाभोवती तांबूस डाग पसरला तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे पचलेलं रक्त. काळाच राहिला तर साधी धूळ. गुदाशी तांदळाच्या दाण्यासारखे तुकडे चिकटलेले दिसले तर गिळलेल्या पिसवांतून पट्टकृमी झालाय. त्याचं औषध वेगळं असतं.

गोचिडाची तऱ्हा निराळी. तो उडी मारत नाही. गवताच्या पात्यावर चढून पुढचे पाय पसरून वाट बघतो. मांजर घासून गेलं की धरतो. त्यामुळे गावातलं, गोठ्यात आणि गवताच्या गंजीवर वावरणारं मांजर त्याला जास्त सापडतं. शहरात तो बहुधा कुत्र्याबरोबर येतो आणि भिंतीच्या भेगांत, दाराच्या चौकटीमागे मुक्काम करतो. रक्त पिऊन टम्म फुगलेली मादी गळून पडते आणि अशाच भेगेत हजारो अंडी घालते. औषध खोटं नसतं, भेग तशीच राहिलेली असते. जीभ पोचत नाही तिथे गोचीड टिकतो: कानाच्या कडा, कानामागे, पापणीजवळ, हनुवटीखाली, बोटांच्या बेचक्यात. पोटावरचा दाणा ओढण्याआधी नीट बघा. ते स्तनाग्र असू शकतं, बोक्यालाही असतात. गोचिडाला पाय दिसतात.

काढायचा तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत पकडा आणि पीळ न देता, एकसारखा जोर लावून सरळ वर ओढा. पोट दाबू नका. रॉकेल, तेल, पेटती काडी यातलं काहीही नको. त्याने गोचीड सुटत नाही, चवताळून आतली लाळ जखमेत सोडतो. तोंडाचा तुकडा आत राहिला तर सुईने उकरू नका, कातडी तो आपोआप बाहेर टाकते. काढलेला गोचीड स्पिरिटमध्ये बुडवा, बोटांनी चिरडू नका.

आता जी चूक मांजराच्या जिवावर बेतते ती. कुत्र्याचं औषध मांजराला कधीही लावू नका, ‘थोडंसं’ही नाही. अशा बऱ्याच औषधांत परमेथ्रिन हे कीटकनाशक असतं आणि ते मांजराच्या यकृताला नीट पचवता येत नाही. गावात गुरांवर मारायचं सायपरमेथ्रिन, डेल्टामेथ्रिन किंवा अमित्राझचं पाणी मांजरावरही शिंपडतात, तोही विषप्रयोगच. काही तासांत कान फडफडतात, अंग थरथरतं, झटके येतात. मांजर शुद्धीत असेल आणि झटके नसतील तर कोमट पाणी आणि भांड्यांच्या साबणाने धुवा, टॉवेलात गुंडाळा आणि औषधाचं वेष्टण घेऊन डॉक्टर गाठा. झटके चालू असतील तर धुण्यात वेळ घालवू नका. टी ट्री तेल, कापूर, डांबराच्या गोळ्याही मांजरापासून लांबच.

मांजरासाठीच बनवलेले, त्याच्या वजनाला चालतील असे मानेवर लावायचे थेंब डॉक्टरांना विचारून आणा. इमिडाक्लोप्रिड पिसवांवर चालतं, गोचिडावर नाही. गोचीडही असतील तर फिप्रोनिल किंवा फ्लुरालेनर असलेलं विचारा. मानेच्या वरच्या टोकाला, कवटीच्या बुडाशी केस दुभंगा, कातडी दिसली की नळी टेकवून पिळा. केसांवर सांडलं तर वाया जातं, खाली लावलं तर मांजर चाटतं आणि तोंडाला फेस येतो. आधी-नंतर दोन दिवस अंघोळ नको. घरातल्या सगळ्या कुत्र्या-मांजरांना त्याच दिवशी, ज्याचं त्याचं औषध लावा.

आणि जागा. मांजराचं अंथरूण आठवड्याला 60 अंश गरम पाण्यात धुवा. सोफ्याच्या फटी, पलंगाखालचं, कोपरे पहिले दोन-तीन आठवडे जवळजवळ रोज व्हॅक्यूम करा आणि कचरा लगेच बंद पिशवीत घालून बाहेर टाका. व्हॅक्यूमच्या हादऱ्याने कोष उघडतात, हा त्याचा दुहेरी फायदा. मातीच्या अंगणात अळ्या सावलीतल्या ओलसर, भुसभुशीत मातीत असतात. ती जागा झाडून उन्हात मोकळी करा. गोठ्याच्या भेगा लिंपा, भोवतीचं गवत कापा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात पिसवा पुन्हा दिसतील. त्या जुन्या कोषांतून निघालेल्या असतात, म्हणून औषध बदलू नका, निदान तीन महिने ठरल्या दिवशी लावत राहा.

आठ आठवड्यांच्या आतल्या पिलाला थेंब परस्पर लावू नका. दिवसातून दोनदा फणी फिरवा, निघालेल्या पिसवा साबणाच्या पाण्यात बुडवा, पिलाला ऊब द्या. ओठ वर करून हिरड्या बघा. गुलाबी असतील तर ठीक. पांढुरक्या पडल्या असतील आणि पिलू मलूल असेल तर पिसवांनी त्याचं रक्त संपवत आणलंय. त्याच दिवशी डॉक्टरकडे न्या, उद्यावर टाकू नका.