लाईट आली की आपोआप चालू होणारं मशीन

एप्रिलमधे द्राक्षाची खरड छाटणी सुरू झाली की आमच्या नाशिककडच्या पिंपळगाव बसवंत भागातल्या फॅब्रिकेशनवाल्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो. ट्रेलर, ब्लोअर, फवारणीच्या टाक्या तर असतातच, पण हल्ली काड्या बारीक करायची घरी बनवलेली मशीनं पण रिपेरिंगला येतात. द्राक्षाच्या काड्या बांधावर पेटवून देण्यापेक्षा भुगा करून परत बोदावर, म्हणजे वेलीखालच्या मातीच्या वरंब्यावर टाकल्या तर जमिनीला चांगलंच, मी स्वतः त्याच मताचा आहे. रेडीमेड श्रेडर सगळ्यांना परवडत नाही, महाडीबीटी पोर्टलवरच्या सरकारी अनुदानात सगळ्यांचा नंबर लागत नाही, मग लोकं भंगारातनं सामान आणून जुळवतात.

तर त्या दिवशी सकाळीच ओळखीतले एक आण्णा पिकअपमधे असंच मशीन टाकून आले. भाच्याने बनवलेलं, व्हिडिओ बघून. म्हणाले, "मशीन लय हादरतंय रे, तेवढं बॅलन्सिंग कर आणि पुली बदलून जरा स्पीड वाढवून दे, जाड काडी घेत नाही." सोबत भाचा होता, पोरगं हुशार, हात पण चांगला आहे त्याचा, फ्रेम एकदम गुण्यात, काटकोनात होती. 5 एचपी थ्री फेज मोटर, 24 इंची डिस्क, 20 एमएम प्लेटमधनं गॅस कटरने कापलेली.

मी कव्हर उघडलं आणि पहिली नजर पात्यांवर गेली. ट्रकच्या कमान पाट्याची दोन पाती, डिस्कला डायरेक्ट वेल्डिंग केलेली. आता पाट्याचं स्टील म्हणजे स्प्रिंग स्टील, त्यात कार्बन जास्त, साध्या रॉडने वेल्ड मारला की टाक्याच्या, म्हणजे वेल्डच्या शेजारची पट्टी झटकन थंड होऊन काचेसारखी कडक आणि ठिसूळ होते, टाका वरून कितीही सुंदर दिसू दे. मी म्हणलं आण्णा, बॅलन्सिंगचं नंतर बघू, आधी हे बघू.

फवारणीच्या टाक्यांचं लीकेज बघायला माझ्याकडे डाय पेनिट्रंटचे, म्हणजे डोळ्याला न दिसणारी चीर रंगाने दाखवणारे स्प्रे असतात. टाका ब्रशने घासून थिनरने साफ केला, लाल स्प्रे मारला, दहा-पंधरा मिनिटं थांबलो, मग फडक्याने लाल पुसून काढला, आता टाका परत चकचकीत, कुठे काही नाही. मग पांढरा डेव्हलपर मारला. तो वाळता वाळता टाक्याच्या अगदी कडेने, पात्याच्या अंगाला, केसाएवढी लाल रेघ उमटायला लागली आणि बघता बघता पात्याच्या निम्म्या लांबीपर्यंत गेली. भाचा खाली वाकून बघत होता, तो काहीच बोलला नाही. मी दोन किलोच्या हातोड्याने पात्यावर बाजूने दोन ठोके टाकले, दुसऱ्या ठोक्याला पातं तुटून फरशीवर पडलं. म्हणजे आदल्या दिवशी हेच पातं फिरत होतं, समोर बायका काड्या लावत होत्या आणि वरचं कव्हर 16 गेजच्या पातळ पत्र्याचं.

मग मी खडूने शटरवर हिशोबच मांडला. डिस्कचं वजन साधारण 46 किलो, मोटर 1440 आरपीएमची, 5 आणि 7 इंची पुल्या म्हणजे डिस्क हजाराच्या थोडी वर फिरते. डिस्कची कड ताशी 115-120 किलोमीटरने पळते. फिरत्या डिस्कमधे साठलेली ऊर्जा येते 12 हजार ज्यूलच्या आसपास, म्हणजे 100 किलोचं वजन 12 मीटरवरून, चौथ्या मजल्यावरून खाली सोडावं तेवढी. आणि आण्णांना पुल्या सारख्या करून हव्या होत्या, स्पीड 1440 झाला की ऊर्जा जवळपास डबल होते, कारण ती स्पीडच्या वर्गाने वाढते. हादरणारी, चिरलेली डिस्क, आणि तिचा स्पीड वाढवायचा! मी स्पष्ट नाही म्हणून सांगितलं.

पण खरा धक्का पुढेच बसला. चहा घेताना आण्णा सहज सांगायला लागले की काल दुपारी लाईट गेली तेव्हा काडी आत अडकलेली, सूनबाई हॉपरमधे, म्हणजे काड्या घालायच्या तोंडात हात घालून ओढत होत्या, निघेना म्हणून पाणी प्यायला बाजूला गेल्या आणि तेवढ्यात मशीन आपोआप सुरू झालं. आण्णा कौतुकाने म्हणाले, "विहिरीच्या मोटरच्याच पेटीवर जोडलंय ना, ऑटो आहे त्याला."

माझ्या हातातला कप तसाच राहिला. ज्यांना शेती नाही त्यांच्यासाठी सांगतो, साधा स्टार्टर लाईट गेली की पडतो आणि परत हिरवं बटन दाबल्याशिवाय उचलत नाही, ती त्याच्यातली सेफ्टीच आहे. पण शेतीची लाईट पाळीने येते, कधी रात्री येते, म्हणून लोकं स्टार्टरच्या पेटीत ऑटो बसवतात, लाईट आली की ठराविक सेकंदांनी तो स्वतः स्टार्टर उचलतो. पाण्याच्या मोटरला ठीक आहे. त्याच पेटीवर कुट्टी मशीन, चिपर, काहीही कापणारं मशीन जोडणं म्हणजे कुणाचा तरी हात जाणार हे नक्की. आणि हॉपर किती लांब, तर सव्वा फूट! दोन पाती, प्रत्येकी 8 एमएम बाहेर, म्हणजे ते मशीन काडीला सेकंदाला पाव मीटरने आत ओढतं. बांगडी, ग्लोव्हजची सैल कड, पदर, फांदीला गुंतलेली सुतळी, काहीही अडकलं तर दोन सेकंद पण मिळत नाहीत.

मळणी यंत्रात पंजाब-हरियाणात इतके हात गेले की 1983 साली धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा कायदाच करावा लागला. मळणी यंत्राच्या आयएस 9020 या भारतीय मानकामधे तोंड कमीतकमी 90 सेंटीमीटर लांब आणि त्यातलं 45 वरून झाकलेलं असावं असं दिलंय. घरी बनवणारा माणूस सगळं बघतो, मोटर बघतो, पातं बघतो, हे तोंडाचं माप मात्र कुणी बघत नाही, पत्रा वाचवायचा तर तिथेच वाचवतात. याचा मला फार त्रास होतो.

आण्णा आधी चिडले, "तू खर्च वाढवतोय" म्हणाले, पण भाच्याने तुटलेलं पातं उचलून त्यांच्या हातात दिलं मग शांत झाले. डिस्क आता खोलून ठेवलीये. नवीन पाती तयार कटर स्टीलची, 8.8 ग्रेडच्या मजबूत बोल्टवर नायलॉक (हादऱ्याने सैल न होणारे) नट लावून, वेल्डिंग नाही. शाफ्ट दोन सरळ अँगलवर ठेवून डिस्क लोळवायची, जड बाजू खाली येईल तिथे ड्रिल मारायचं. कव्हर 5 एमएम प्लेटचं आणि ते बोल्टनेच उघडेल, बिजागरी नाही, कारण बटन बंद केल्यावर पण ही डिस्क मिनिटभर फिरत राहते आणि माणसाला आत बघायची घाई असते. हॉपर तीन फुटी, पुढचा अर्धा झाकलेला. स्पीड आहे तोच. स्टार्टर वेगळा, आणि काडी अडकली की आधी मेनची तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून खिशात टाकायची, मग हात. काड्यांमधे तारेचे तुकडे राहतात ते पण आधी बघून काढायचे, तार पात्यात गेली की कुठून बाहेर येईल सांगता येत नाही.

काम पूर्ण व्हायला वेळ लागेल, तोपर्यंत काड्या बांधाला पडून राहतील, त्याला इलाज नाही. विहिरीच्या पेटीतनं मशीनची जोडणी मात्र भाच्याने त्याच संध्याकाळी काढली आणि मला फोटो पाठवला.