आजोबांच्या बोटीचा जुना रंग आणि एक नादेय दाखला

आमच्या बोटीच्या नाळीवरचा, म्हणजे पुढच्या टोकावरचा, सूर्य आणि पापलेट पुन्हा रंगवून झालं. बघायला येणारे विचारतात, जुना रंग कसा शोधलात, पेंटर कुठला, खर्च किती आला. कागदपत्रं कशी केलीत हे एकानेही विचारलेलं नाही. म्हणून आधी तेच सांगते. रंगाचं काम हाताने होतं, आज नाही तर उद्या होतं. कागदाचं काम दुसऱ्याच्या कपाटात असतं.

बोट आजोबांची. अलिबागच्या दक्षिणेला किनाऱ्यावर आमचं घर आहे. बोट सागाची, आणि पुढे मच्छीमार संस्थेमार्फत कर्ज काढून तिला इंजिन बसवलेलं. आजोबांनंतर काकांनी ती काही वर्षं चालवली. मग फायबरची बोट आली आणि ही खाडीच्या कडेला झापांखाली पडून राहिली. मला ती घरालगतच्या जागेत छपराखाली आणून तिच्या पहिल्या रंगात उभी करायची होती. समुद्रात न्यायची नव्हती.

काका म्हणाले, "रंगाला हात लावायच्या आधी नोंदणीचा नंबर रद्द कर." त्यांचं बरोबर होतं. २००८ च्या हल्ल्यात अतिरेकी 'कुबेर' ही पोरबंदरची मासेमारी बोट ताब्यात घेऊन मुंबईपर्यंत आले. त्यानंतर किनाऱ्यावरच्या राज्यांनी मासेमारी बोटींना रंग नेमून दिले, म्हणजे लांबून बघितली तरी बोट कुठल्या राज्याची ते कळावं. नंबर यादीत असेपर्यंत आपल्या हौसेचा रंग चालत नाही, असं मला मत्स्यव्यवसाय खात्याच्या ऑफिसातही सांगितलं. तेव्हा पहिलं काम नोंदणी रद्द करण्याचं.

मृत्यूचा दाखला, वारसांची कागदपत्रं, काकांचं आणि दोन्ही आत्यांचं संमतिपत्र हे सगळं पटकन झालं. धाकटी आत्या सही करताना एवढंच म्हणाली, "बोट निळी होती हां, ह्याचं ऐकून हिरवी करू नकोस." ह्याचं म्हणजे काकांचं. तो वाद पुढे येतोच.

अर्ज दिला, आवक क्रमांक घेतला, आणि टेबलापलीकडच्या मॅडमनी संगणकात बघून सांगितलं, "ताई, बोटीवर कर्जाचा बोजा आहे."

इंजिनचं कर्ज फिटल्याला कित्येक वर्षं झाली होती. आजोबांनी पावत्या बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, पण खालच्या काही वाळवीने खाल्लेल्या आणि शेवटच्या हप्त्याची त्यांतच गेलेली. मॅडम म्हणाल्या, संस्थेचा नादेय दाखला, म्हणजे काही देणं बाकी नसल्याचा कागद आणा, बोजा काढते. सरळ वाटलं. पण कर्ज दिलेली संस्था केव्हाच अवसायनात गेलेली, बंद करायला काढलेली. म्हणजे तिला ना चेअरमन ना सेक्रेटरी, एक अवसायक असतो आणि तो दुसऱ्याच ऑफिसात ठरावीक दिवशी भेटतो. तो भेटला. माणूस सभ्य होता, चहा पाजला, आणि म्हणाला की जुनं दप्तर आमच्याकडे नाही, कर्ज प्रकरणाची प्रत तुम्ही अर्ज दिलाय त्या खात्यातच असते, तिथून कर्ज निरंक, म्हणजे बाकी शून्य, असल्याचं लेखी आणा, मी लगेच दाखला देतो.

इकडे आले तर इकडचे म्हणतात, संस्थेने दिल्याशिवाय आम्ही कसं लिहून देणार? दाखला पाहिजे तर लेखी आणा, लेखी पाहिजे तर दाखला आणा. मी दोन्ही टेबलांवर हे वाक्य जसंच्या तसं बोलून दाखवलं. दोन्हीकडे हसले.

फाईल तरी दाखवा म्हटलं. तर रेकॉर्ड रूमची चावी ज्यांच्याकडे ते निवडणुकीच्या ड्युटीवर. ते आले तेव्हा साहेब मीटिंगला. साहेब आले तेव्हा कळलं की मागे पावसाचं पाणी शिरलं होतं, काही गठ्ठे भिजले, त्यात तुमचं असेल. "असेल" यावर मी तिथे उभी राहून बराच वेळ बोलले. आवाज चढला होता हे मान्य, पण त्या "असेल"चा मला अजूनही राग येतो. भिजलं असेल तर भिजल्याची नोंद दाखवा ना. तीही नव्हती.

इथे उपयोगाचं सांगते. तोंडी विचारत बसू नका. दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून माहिती अधिकाराचा अर्ज टाका. त्यात "माझं काम का झालं नाही" असं विचारू नका. अमुक कर्ज प्रकरणाच्या फाईलची प्रमाणित प्रत द्या, आणि फाईल नष्ट केली असेल तर नष्ट केल्याच्या नोंदीची प्रत द्या, असं मागा. तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दुसरी गोष्ट मला उशिरा कळली: २०१८ च्या शासन निर्णयाप्रमाणे जिल्हा पातळीवरच्या ऑफिसांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना दप्तर बघता येतं. सुट्टी टाकायची तर सोमवारची टाका.

मी सोमवारी गेले. गठ्ठे काढून दिले, पण नावाने शोधून काही सापडेना. शेवटी निवृत्तीला आलेले एक शिपाई दारातून म्हणाले, "नावाने कशाला बघताय? कर्जाच्या फायली इंजिनच्या नंबराने लावल्यात." इतके दिवस हे एकालाही सुचलं नव्हतं, की सुचलं होतं आणि सांगायचं नव्हतं, देव जाणे. इंजिनचा नंबर माझ्या फोनमध्ये होता, कारण बोटीवरच्या प्रत्येक पत्र्याचा आणि आकड्याचा फोटो मी पहिल्याच दिवशी काढून ठेवला होता. तुम्हीही काढा.

फाईल कोरडी ठणठणीत होती. शेवटच्या पानावर लाल शाईत शेरा: कर्ज पूर्ण फेड, निरंक. खाली सही, शिक्का. म्हणजे बोजा उतरवायचा कागद त्याच इमारतीत, त्याच मजल्यावर होता.

आणि आत टाचणीने लावलेला, टाचणीचा गंज उतरलेला एक कृष्णधवल फोटो. कर्ज देताना पाहणीला आलेल्यांनी काढला असणार. आजोबा बोटीच्या उजव्या अंगाला नाळीवर हात टेकून उभे. त्यांच्या कोपराने सूर्याचे दोन किरण झाकलेले, बाकी चिन्ह स्वच्छ.

या फोटोची किंमत कळायला बोटीची अवस्था सांगायला हवी. उजव्या बाजूच्या पुढच्या फळ्या काकांच्या काळात बदललेल्या होत्या, तिथे जुन्या रंगाचा कणही नव्हता. डावी बाजू शाबूत होती. रात्री टॉर्च फळीला जवळजवळ चिकटवून तिरका धरला की वरच्या सगळ्या रंगांखालून जुन्या चित्राच्या कडा उठून दिसतात, कारण ब्रशने दिलेल्या जाड रंगाचा उंचवटा खाली तसाच राहतो. अर्धा उगवलेला सूर्य, त्याखाली पापलेट, तोंड नाळीकडे. आम्ही सगळे धरून चाललो होतो की उजव्या बाजूला आरशासारखं उलट असणार, तोंड पुन्हा नाळीकडेच. फोटोत मासा मागे बघत होता. ज्याने चिन्ह काढलं त्याने एकच खाका दोन्ही बाजूंना वापरला होता! दोन्हीकडचं पापलेट एकाच कुशीवरचं, त्यामुळे एका बाजूला ते बोटीबरोबर पुढे चाललंय आणि दुसऱ्या बाजूला उलटं.

नंतर आमचे पेंटरकाका ते सरळ करायला निघाले होते. "मॅडम, लोक माझी चूक म्हणतील." मी म्हटलं, म्हणू देत. तो मासा तसाच उलटा रंगवला आहे. फोटो बघूनही काही जण तो "सुधारून घ्या" सांगतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

पुढे दाखल्याचं लवकर झालं. लाल शेऱ्याची प्रमाणित प्रत अवसायकांच्या टेबलावर ठेवली आणि त्यांनी दिलेला शब्द पाळला.

आता रंगाचं. सगळी बोट आधी खरवडू नका. जो सुतार किंवा पेंटर पहिल्या दिवशी ग्राइंडर घेऊन येईल त्याला चहा देऊन परत पाठवा. दोन-तीन आडोशाच्या जागा निवडा, वॉटर पेपर, म्हणजे पाण्यात चालणारा घासकागद, भिजवून गोल गोल घासा, आधी जाड, मग ३२० चा, मग ६००. मधोमध लाकूड उघडं पडतं आणि भोवती प्रत्येक रंगाचं एकेक कडं दिसतं. आमच्याकडे बाहेरून आत नेमून दिलेला सरकारी रंग, मग तपकिरी, मग पांढरा, मग काकांचा हिरवा, त्याखाली शेंदरी अस्तर आणि लाकूड. काका खूश. पण ती जागा उघड्यावरची होती, मध्ये कधीतरी पार लाकडापर्यंत खरवडून पुन्हा अस्तर मारलेलं असू शकतं. म्हणून कडेच्या लाकडी पट्टीचा एक तुकडा आणि एक लोखंडी कडी काढून त्यांच्याखाली बघितलं. तिथे हिरव्याच्या खाली आणखी एक अस्तर आणि त्याला चिकटून जो थर होता तोही हिरवटच. काका आणखी खूश.

आत्याचं ऐकून मी तो तुकडा घराच्या गच्चीवर उन्हात ठेवला. जवसाच्या तेलातला जुना रंग अंधारात झाकला गेला की पिवळा पडतो आणि उजेड मिळाला की पुन्हा उजळतो. निळ्यावर पिवळट तेल म्हणजे हिरवाच दिसणार. आठवडाभराने तुकड्याचा उघडा भाग सरळ आकाशी निळा झाला, आणि त्यावर मी चिकटपट्टी लावून झाकलेला कोपरा हिरवट राहिला. दोन्ही शेजारी शेजारी काकांना दाखवले. ते म्हणाले, "चष्मा बदलायला हवा." आत्याला मी व्हिडिओ कॉल केला. ताजा उघडलेला थर घेऊन रंगाच्या दुकानात मशीनवर शेड जुळवायला जाऊ नका, पिवळट शेड घेऊन याल. पांढऱ्याचंही तेच, तो मूळचा पांढराच असतो, हस्तिदंती नाही.

शेंदरी अस्तराबद्दल एक धोक्याची गोष्ट वर सांगायची राहिली. शेंदूर म्हणजे शिशाचा रंग, आणि जुन्या सफेत्यातही शिसं असायचं. आपल्याकडे घरगुती रंगांत शिशाची ९० पीपीएमची मर्यादा २०१७ पासून लागू झाली, त्याआधीच्या थरांचा भरवसा नाही. म्हणून कोरडं घासायचं नाही, पाणी लावूनच, चांगला मास्क लावून, आणि खाली प्लॅस्टिक अंथरून. लहान मुलं आणि कोंबड्या लांब.

चिन्हासाठी टॉर्चच्या उजेडात पारदर्शक प्लॅस्टिकवर मार्करने कडा उतरवल्या, त्या बटर पेपरवर घेतल्या, रेषेवर सुईने भोकं पाडली आणि कोळशाची पूड फडक्यात बांधून वरून थोपटली. फळीवर ठिपक्यांचं पापलेट उतरतं. हे सगळं पेंटरकाकांनी शिकवलं. ते पूर्वी दुकानांच्या पाट्या आणि ट्रक रंगवायचे, फ्लेक्स आल्यावर काम सुटलं. एका हातात काठी, तिच्यावर दुसरा हात टेकून त्यांनी सूर्याचा एकेक किरण एका दमात ओढला. सूत मारून पट्टे आखले. त्यांच्याआधी एक रेडियमवाला अर्ध्या दिवसात दोन्ही बाजूंचे स्टिकर लावून द्यायला तयार होता. स्वस्त पडलं असतं.

काम दिवाळीनंतर काढा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, सगळ्यांच्या बोटी वर ओढलेल्या असतात, नारळी पौर्णिमेच्या आत रंगवायची घाई असते. तेव्हा सुतार मिळत नाही, पेंटर मिळत नाही आणि लाकूड ओलं. दिवाळीनंतर तिन्ही जमतं. फक्त उघडं पडलेलं लाकूड भर उन्हात ठेवू नका, फळ्या तडकतात. झाप टाकून ठेवा.

नोंदणी रद्द झाल्याचा कागदही शेवटी हातात आला. त्यात रद्द करण्याच्या कारणाचा रकाना आहे. कारण संगणकातल्या यादीतून निवडावं लागतं, आणि बोट विकली, बुडाली किंवा मोडीत काढली याखेरीज आमच्या जवळपास जाणारं त्यात काही नव्हतं. मॅडमनी मोडीत निवडलं. मी विचारलं, "इतर" असं काही नाही का? म्हणाल्या, नाही, आणि आता बदलायचं तर नवीन अर्ज करावा लागेल.