वादळात दुसरं डोकं नसतं

हिवाळ्यात एकटीने डोंगरावर जाते म्हटलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "पाय मोडला तर कोण येणार?" प्रश्न रास्त आहे आणि ती भीती मलाही वाटते. पण पाय धडधाकट असताना डोकं हळूहळू मंद होत जाण्याची भीती त्याहून मोठी आहे. मोडलेला पाय निदान कळतो तरी. गारठलेल्या डोक्याचं तसं नाही.

शरीराच्या आतलं तापमान ३५ अंशांखाली उतरलं की हायपोथर्मिया सुरू होतो. सुरुवात अगदी क्षुल्लक वाटते. जॅकेटची चेन लागत नाही, शब्द अडखळतात, उगाच चिडचिड होते, नाहीतर एकदम बेफिकिरी येते. साधारण ३२ अंशांच्या आसपास थरथर थांबते आणि नेमकं तेव्हाच बरं वाटायला लागतं. अगदी शेवटी काही जण अंगावरचे कपडे काढून टाकतात, कारण त्यांना उकडायला लागलेलं असतं. सोबत कोणी असेल तर तो चेन लागत नाही तेव्हाच म्हणतो, "ए, तू धड बोलत नाहीयेस. बस खाली, आधी काहीतरी गरम पी." एकटीला हे सांगायला कोणी नाही. तपासणारं डोकं तेच आणि बिघडलेलंही तेच.

म्हणून वारा वाढला की मी थोड्या थोड्या वेळाने दोन गोष्टी करते. हातमोज्यातच अंगठा करंगळीला टेकवून बघते आणि शंभरातून सात-सात वजा करत मोठ्याने मोजते. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी. अंगठा पोचला नाही किंवा आकडा अडला, तर पुढे जायचं की नाही हा विचारच करायचा नाही, आडोसा शोधायचा. वाऱ्यात मोठमोठ्याने पाढे म्हणणारी बाई कोणी पाहिली तर काय म्हणेल, कोण जाणे. तिथे पाहणारं कोणी नसतं हा एक फायदाच.

थंडीपेक्षा वारा वाईट. उणे २० अंश आणि ताशी ६० किलोमीटर वारा असला की उघड्या कातडीला ते उणे ३६ सारखं लागतं. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की अंगावरचा जोर चौपट होतो. त्यामुळे ताशी ४० ला नुसती वाकून चालणारी बाई ८० ला आइस ॲक्स (बर्फात वापरायची कुऱ्हाड) रोवून गुडघ्यांवर असते. यासाठी फार उंच जावं लागतं असंही नाही. अमेरिकेतला माउंट वॉशिंग्टन जेमतेम १,९१७ मीटरचा आहे. तिथे १२ एप्रिल १९३४ ला ताशी ३७२ किलोमीटर वारा मोजला गेला.

मग जायचं कशाला? तंबूतल्या एका रात्रीबद्दल सांगते. संध्याकाळी अल्टिमीटर, म्हणजे हवेच्या दाबावरून उंची सांगणारं यंत्र, बघून झोपले. मध्यरात्री बघितलं तर तंबू होता तिथेच, पण आकडा साठ मीटरने चढलेला. म्हणजे हवेचा दाब घसरत होता, वादळ येत होतं. तासाभरात ते आलंच. दोघं असतात तेव्हा एक झोपतो आणि एक तंबूवरचा बर्फ उपसतो. मी एकटी, त्यामुळे झोपेचा प्रश्नच नव्हता. दर तासाला बाहेर जाऊन फावडं मारायचं, आत येऊन अंगावरचा बर्फ झटकायचा. स्टोव्ह पेटवण्याआधी वरची फट उघडी आहे ना ते हाताने चाचपायचं, कारण बर्फाने बुजलेल्या तंबूत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचतो आणि त्याला वास नसतो. लायटर दोरीने गळ्यात, हातमोजे छातीशी, बुटांची आतली अस्तरं स्लीपिंग बॅगेत पायाशी. तंबूच्या आत श्वासाचं दव गोठून त्याची पापडी होते आणि कापड फडफडलं की ती मानेवर पडते.

त्या रात्री मी खूश होते. हे सांगायला थोडं लाजायला होतं, पण होते. जगात करायची कामं पाच-सहाच उरलेली, सगळी हाताने करायची आणि नीट केली तर लगेच कळतं. कुणाची समजूत काढायची नाही, कुणाच्या उत्साहाला मान द्यायचा नाही. परत फिरावंसं वाटलं तर मी फिरते, विषय संपला. हे सुख मला माणसांच्या गराड्यात आजवर मिळालेलं नाही. आणि याचं मूळ धोक्याच्या मुळाशीच आहे, ते म्हणजे दुसरं डोकं नसणं. एक ठेवून दुसरं टाकता येत नाही.

एकट्यांनी यावर डोकं लढवलेलं आहेच. जपानी गिर्यारोहक नाओमी उएमुरा १९८४ च्या फेब्रुवारीत अलास्कातल्या डेनाली पर्वतावर एकटा गेला तेव्हा त्याने कमरेला बांबू बांधले होते, हिमदरीत, म्हणजे बर्फातल्या खोल भेगेत, पडलाच तर ते आडवे अडकावेत म्हणून. रोपच्या दुसऱ्या टोकाला माणूस नाही, मग बांबू. १२ फेब्रुवारीला, आपल्या ४३ व्या वाढदिवशी, तो माथ्यावर पोचला. दुसऱ्या दिवशी रेडिओवर शेवटचं बोलणं झालं. त्यानंतर तो सापडलाच नाही. १९८८ मध्ये अमेरिकेचा व्हर्न टेजस त्याच डोंगरावर भर हिवाळ्यात एकटा जाऊन जिवंत परतला; त्याने बांबूऐवजी ॲल्युमिनियमची शिडी नेली होती. हिमदरीला उत्तर असं सापडतं. मंद झालेल्या डोक्याला शिडी नाही.

मेंदू स्वतःच कधी कधी सोय करतो. १९३३ मध्ये एव्हरेस्टवर ब्रिटिश गिर्यारोहक फ्रँक स्माइथचा जोडीदार मागे फिरला आणि स्माइथ एकटा वर गेला. बरोबर कोणीतरी चालतंय असं त्याला इतकं पक्कं वाटत होतं, की त्याने खिशातल्या मिंट केकचे (पुदिन्याच्या गोड वडीचे) दोन तुकडे केले आणि एक द्यायला वळला. मला ही गोष्ट भुताटकीची वाटत नाही. बिचाऱ्या मेंदूने रिकामी जागा भरून काढली, इतकंच.

पण सोबत असली की सुटलो, असंही नाही. जपानचा बुनतारो कातो हिवाळ्यात एकटा फिरण्यासाठीच प्रसिद्ध होता. जानेवारी १९३६ मध्ये यारी पर्वताच्या उत्तरेकडच्या धारेवर हिमवादळात तो गेला, तेव्हा मात्र त्याच्याबरोबर जोडीदार होता. त्या दोघांत काय बोलणं झालं असेल, याचा मी बरेचदा विचार करते. मी जोड्यांमध्ये पाहिलंय ते असं: परत फिरायचं दोघांच्याही मनात असतं, पण समोरच्याला वर जायचंय असं समजून दोघंही गप्प चालत राहतात. दुसरं डोकं कामाचं, पण ते बोललं तर.

हिमस्खलनाबद्दल थोडक्यात, कारण तिथे वाद घालण्यासारखं काही नाही. वादळानंतर वाऱ्याच्या आडोशाच्या उतारांवर बर्फ साठतो आणि ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरून तो सुटून खाली येतो. गाडलेला माणूस जगतो तो बहुतेक वेळा पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत उकरला गेला तरच. एकटीला उकरणार कोण? तिचा बीकन, म्हणजे गाडलेल्याची जागा सांगणारं संदेशयंत्र, फक्त नंतर शोधायला येणाऱ्यांच्या सोयीचा. म्हणून वादळ ओसरून लख्ख ऊन पडलेला दिवस मी तंबूत काढते किंवा धारेवरून खाली येते. त्या उताराला हात लावत नाही.

सॅटेलाइट फोन आहे, पण त्याच्यावर माझा फारसा भरवसा नाही. वादळात हेलिकॉप्टर उडत नाही. बटण दाबलं की दुसरी कुठली तरी माणसं त्याच वाऱ्यात चालत निघणार, त्यांचीही डोकी गारठणार. त्यामुळे जे ठरवायचं ते घरात, अंगात ऊब असताना ठरवते. किती वाजता मागे फिरायचं, वारा किती झाला की थांबायचं, हे कागदावर लिहून एक प्रत ताईकडे आणि एक जॅकेटच्या खिशात. वर गेल्यावर त्यात खाडाखोड करायची नाही. अंदाजातच वादळ दिसत असलं तर सॅक भरतच नाही. अनपेक्षित वादळात सापडणं वेगळं आणि ठाऊक असून त्यात शिरणं वेगळं. ठाऊक असून शिरण्याला लोक धाडस म्हणतात, माझ्या दृष्टीने तो आचरटपणा. यावर माझ्याशी न पटणारे बरेच आहेत, आणि त्यांतले काही माझ्यापेक्षा कितीतरी चांगले चढतात.