ॲन लुइलिए आणि बारावीचा तास

आज विश्रामबागला, सांगलीतल्या आमच्या क्लासमध्ये, तरंगांचा धडा बाजूला ठेवून पोरींना भौतिकशास्त्रज्ञ ॲन लुइलिए यांच्याबद्दल सांगत बसलो. १९८७ साली फ्रान्समध्ये त्यांनी सहकाऱ्यांसह निष्क्रिय वायूतून अवरक्त (इन्फ्रारेड) लेसर सोडला, तर मूळ वारंवारितेच्या कितीतरी विषम पटींचा (तिप्पट, पाचपट असा) प्रकाश बाहेर आला. त्यातूनच पुढे ॲटोसेकंदांत मोजायचे प्रकाशस्पंद, म्हणजे प्रकाशाचे क्षणिक झोत, मिळाले. ॲटोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा अब्जावा भाग! इलेक्ट्रॉनची हालचाल टिपायला इतकं बारीक मोजावं लागतं.

२०२३ च्या नोबेलचा फोन आला त्या दिवशी त्या स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठात शिकवत होत्या. बोलणं झालं आणि परत वर्गात गेल्या. शिक्षक म्हणून मला हे फार मोठं वाटतं.

एकीनं विचारलं, "सर, मधली छत्तीस वर्षं हेच करत होत्या?"

हो गं, हेच.

तिला फिजिक्सच करायचंय, घरी मेडिकल ठरलंय. उद्या तिच्या वडिलांना भेटतोय.